हळू बोलणारा रिक्षावाला

त्या रिक्षावाल्याचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं ते ओरडून सांगितलं असतं.

अर्धशिशी उठली की मला पापणी हलवणंही सोसत नाही. त्या दुपारी शाळेतून अर्ध्यातच निघाले, डोक्याला ओढणी घट्ट बांधून रिक्षात बसले आणि सावेडी सांगितलं. आरशात माझा चेहरा पाहून त्यानं गाणं बंद केलं. मला वाटलं, देव भेटला.

मग देव बोलू लागला. प्रत्येक स्पीडब्रेकरआधी मागे वळून तो ओरडायचा, "ताई, डोकं धरा!" त्यापेक्षा धक्का परवडला. मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला, तर हा अर्धा बाहेर वाकून गरजला, "वाजवू नको रं! ताईंचं डोकं लई दुखतंय!" रस्त्यावरचे भाजीवालेही माझ्याकडे बघायला लागले.

"दादा, जरा हळू बोला ना."

"हळूच बोलतोय की, ताई!"

घरी दारातच नवरा म्हणाला, "परत डोकं? सकाळी तर चांगली होतीस."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "साहेब, खरंच दुखतंय त्यांचं! मी रस्ताभर बघत आलोय!"

अख्खी गल्ली दणाणली. मला वाटलं, अजून एकदा ओरडला तरी चालेल.