कॅरिअरवरची करकर

भाऊजी, तुमची ही गोष्ट चारचौघांत सांगताना तुम्ही निम्मी गाळता, म्हणून आता मीच लिहिते. मध्ये बोलू नका.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा शिंपी, म्हणजे तुम्हीच, पण गोष्टीत मी 'तो'च म्हणेन. रोज सकाळी तो सायकलवरून दुकानात निघायचा, मागे कॅरिअरवर बहीण. तो कापायचा, शिवायचा. ती काजं-बटणं करायची. एक दिवस सायकल करकरायला लागली. बहीण उतरली की गप्प, बसली की करकर. शिंप्याने पुढे बघतच विचारलं, "तू हल्ली अंगाने भरलीस का गं?"

ती चालत्या सायकलवरून उतरली.

"करकर कुणाची ते शोधा. माझी नाही हे ठरेपर्यंत मी चालत येईन. आणि तोवर आपलं बोलणं बंद."

ते तिने खरं केलं. दुकानात ती गिऱ्हाइकांमार्फत बोलायला लागली. "अहो काका, त्यांना सांगा, बाही उलटी लावलीय." काका पँटची उंची कमी करायला आलेले, निरोप पोचवता पोचवता पँट विसरून घरी गेले. अशाने दुकान बुडालं असतं. शिंप्याची झोप उडाली.

त्याने पेडल बदललं, चेन बदलली. पण करकर तर बायको बसल्यावरच ऐकू येणार, आणि बायको बसेना. मग त्याने शिंप्याचं डोकं चालवलं. बायकोचं माप त्याला तोंडपाठ. त्याने जाड कापडाची, थेट तिच्या मापाची पिशवी शिवली, कमरेला चुण्यासुद्धा घातल्या, आणि ती काठोकाठ वाळूने भरली. माप बरोबर म्हणजे वजनही बरोबर, असा त्याचा हिशोब. चौघांनी उचलून ती बिनडोक्याची बाई कॅरिअरवर बसवली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत चाकाच्या तारा तुटल्या, टायर फुटला, शेवटी कॅरिअरच निखळलं. करकर मात्र औषधालाही नाही.

बहीण मागून चालत येत होती. तिने वाळूच्या बाईकडे नीट पाहिलं आणि वाटेवरच्या पानवाल्याला म्हणाली, "त्यांना सांगा, कमरेत सैल झालीय."

सायकल दुरुस्त होऊन आली. दुसऱ्या दिवशी बहीण रस्त्याच्या कडेने चालतेय आणि शिंपी तिच्या शेजारून हळूहळू सायकल चालवत गयावया करतोय. कॅरिअर रिकामं.

कर्र. कर्र.

ती थांबली. "मी खाली आहे," ती म्हणाली. थेट त्यालाच.

"ते दिसतंय मला."

"मग सीटच्या टोकावर का बसलात? पडाल की."

"तुला मागे ऐसपैस बसता यावं म्हणून सरकतो मी."

"अहो, पण मी कुठे बसलेय?"

त्याने खाली वाकून बघितलं. बायको जवळ आली की हा सवयीने पुढे सरकायचा, आणि सगळा भार सीटच्या टोकाखालच्या गंजलेल्या स्प्रिंगवर पडायचा. एकटा असला की मागे रेलून बसायचा. वाळूसाठी कोण सरकणार?

"दुकानात मशीनचं तेल आहे, आत्ता घालतो," तो म्हणाला.

"काही नको," म्हणत ती मागे चढली. "करकर थांबली तर कळायचं कसं, सरकलात की नाही?"

दोघं करकरत दुकानात गेली, अजून तशीच जातात.

तेव्हाच मी म्हटलं होतं, तेल उरलंय तर बुधली इकडे आणा, माझं दार किरकिरतंय. तुम्ही म्हणालात, "उद्या आणतो, अक्का." भाऊजी, दार अजून किरकिरतंय.