यमुनेचा गळपट्टा

मैत्रिणींनो, आत्ताच कोपरीहून परतले आणि आधी तुम्हालाच हे सांगायला बसले.

मी शिकवते त्या मुलींच्या शाळेतली यमुना उकळतं पाणी सांडून गळ्याशी भाजली होती. जखम भरली, पण तिच्या व्रणाला पोरी हसायला लागल्या आणि तिने शाळेत येणंच सोडलं. मग शाळेच्या मडमेकडून शिकलेल्या क्रोशाच्या विणकामाने मी तिच्यासाठी पांढऱ्या सुताचा साधा गळपट्टा विणला. बाजूला एक गुंडी, कुठल्याही परकर-चोळीवर रोज घालता येईल असा.

आज कोपरीला तिच्या घरी गेले, तेव्हा तिची आई नुकतीच मिठागरावरून आली होती. "बाई, ती आता नाय यायची शाळंत," ती म्हणाली.

मी यमुनेला गळपट्टा घातला. तिने हंड्यातल्या पाण्यात वाकून पाहिलं आणि चक्क हसली! मग गुंडीशी चाळा करत हळूच म्हणाली, "बाई, उकडलं म्हणून काढला, तर पोरी परत हसतील?"

मी एवढंच म्हटलं, "उद्या ये. माझ्याजवळ बस."

येते म्हणाली आहे.

गळपट्टा विणणं सोपं होतं. पण उद्या त्या हसणाऱ्या पोरींना मी काय सांगू? तुम्ही माझ्या जागी असतात, तर काय सांगितलं असतंत?