अडतीस आकड्याचा कचरा

नंदकुमार दिघ्यांना आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या नाहीत, असं त्यांची बायको सुनेत्रा सांगते: वाकणं आणि ऐकणं. आणि सत्तराव्या वाढदिवसाला लेकीनं त्यांच्या हाती जे यंत्र दिलं, त्याला नेमक्या याच दोन गोष्टी लागत होत्या.

१९७२ साली ते ठाण्याहून कॅनडात आले. विजेच्या कंपनीत एकतीस वर्षं ताठ बसून नकाशे तपासले आणि ब्रॅम्पटनच्या घरात निवृत्त झाले. गुडघे कुरकुरू लागल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "रोज चाला."

"कुठं?"

"कुठंही."

हे उत्तर काही त्यांना पटलं नाही. कारणाशिवाय चालणारा माणूस त्यांना वेडा वाटे. म्हणून लेकीनं, अक्षतानं, मेटल डिटेक्टर आणला. "बाबा, नाऊ यू हॅव अ रीझन," ती म्हणाली.

लांब दांडा, खाली ताटलीएवढं चक्र, वर छोटा पडदा. जमिनीत धातू असला की हेडफोनमध्ये आवाज होई आणि पडद्यावर आकडा उमटे. पहिल्या पंधरवड्यात नंदकुमाररावांनी प्रत्येक आवाज खणला. मिळकत: बाटल्यांची झाकणं, गंजके खिळे, चॉकलेटची चांदी आणि एक दार नसलेली खेळण्यातली मोटार. सगळं धुऊन, पुसून त्यांनी किचनच्या टेबलावर मांडलं.

"अहो," सुनेत्राबाई म्हणाल्या, "कचरा उचलायला सिटीची गाडी येते. दर बुधवारी."

मग त्यांना वॉल्टर भेटला. चार घरं पलीकडे राहणारा, बस चालवून निवृत्त झालेला, वीस वर्षं हाच नाद असलेला. त्याच्या मेहुण्याचं कॅलेडनला शेत होतं. तिथं दोघं जाऊ लागले. वॉल्टरनं धडा दिला: "ऐंशीच्या वर आकडा आला की खण, नॅंडी. जुनं तांबं, चांदी तिथं बोलते. चाळिसाच्या खाली बहुतेक फॉइल, खिळे." आणि चाळिसाच्या खालच्या आवाजांना यंत्र गप्प ठेवायचं बटणही दाखवलं. वॉल्टर पुढं आणखी काहीतरी सांगत होता, पण तोवर नंदकुमाररावांनी हेडफोन चढवले होते.

त्याच दुपारी त्र्याऐंशीवर राजाचं डोकं असलेलं १९३८चं सेंटचं नाणं निघालं! नंदकुमारराव शेतात एकटेच नाचले. वॉल्टरनं ते पाहिलं आणि सभ्यपणे पाठ फिरवली. त्या दिवसापासून त्यांची चाल बदलली. कशासाठी वाकायचं आणि कशासाठी नाही, हे कळलेल्या माणसाची चाल.

इथवर सगळं छान होतं. मग २०१७चा गणपती आला.

सुनेत्राबाई मूर्ती घरीच घडवत. माती चांगली, सोंड सुबक, पण कान दरवर्षी मोठे होत. "ऐकणारा देव आहे," त्या म्हणत, "घरात दुसरं कोण ऐकतं?" ओल्या मातीतच उजव्या कानाला टूथपिकनं भोक पाडायचं आणि प्राणप्रतिष्ठेच्या वेळी त्यात भिकबाळी अडकवायची. सोन्याची बारीक तार, दोन मोती, मधे लाल खडा. १९७४ साली, लग्नानंतर त्या निघाल्या तेव्हा विमानतळावर त्यांच्या वडिलांनी ती स्वतःच्या कानातून काढून त्यांच्या मुठीत कोंबली होती. वडील पुन्हा भेटले नाहीत. ती भिकबाळी त्यांनी स्वतः कधी घातली नाही. वर्षातून पाच दिवस बाप्पा घाली, बस्स.

विसर्जन बॅकयार्डात, मोठ्या निळ्या बादलीत. दागिने उतरवायचं काम नंदकुमाररावांचं. मुकुट काढला, हार काढला, आणि तेवढ्यात दारात वॉल्टरच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"सगळं काढलंत ना?"

"काढलं."

शनिवारी दुपारी सुनेत्राबाई कम्युनिटी सेंटरला बायकांच्या गटाकडे गेल्या होत्या. नंदकुमारराव मखर आवरत होते. भिकबाळीची चांदीची डबी हाताला हलकी लागली. उघडली तर कापसात नुसता खळगा.

ते खुर्चीवर बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. शेवटी फोन लावला.

"सुनेत्रा, ते विसर्जनाचं पाणी कुठं ओतलंस गं?"

"टोमॅटोला थोडं, गुलाबाला थोडं, उरलेलं मिरच्यांना. का?"

"सहज."

पलीकडून फोन ठेवला गेला. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं 'सहज' काहीही विचारलं नव्हतं.

नंदकुमाररावांनी यंत्र काढलं. टोमॅटो पिंजून काढले, गुलाब, मिरच्या. यंत्र मौनव्रतात. त्यांनी वॉल्टरला फोन केला.

"वॉल्टर, बारीक सोनं किती आकड्याला वाजतं?"

"बारीक, उघडी तार? फॉइलसारखंच, नॅंडी. तीस-पस्तीस, चाळीस. म्हणून तर म्हटलं होतं ना, सोनं हवं असेल तर खालचे आवाज बंद करू नकोस."

"कधी म्हटलंस?"

"तू हेडफोन घालत होतास तेव्हा."

"मग ओळखायचं कसं?"

"दोन्ही बाजूंनी फिरव. खिळा बोलणं बदलतो, इकडून एक आकडा, तिकडून दुसरा. दोन्हीकडून तेच सांगणारा असला, मग तो कितीही हळू बोलो, खण."

नंदकुमाररावांनी बटण दाबून यंत्राचं तोंड मोकळं केलं, आणि सगळं बॅकयार्ड एकदम बोलू लागलं. टिक्, घुर्र, चीं, टिक्-टिक्! घर बांधणाऱ्यांनी टाकलेले खिळे, तारा, तीस वर्षांच्या बार्बेक्यूंची फॉइल. ते गुडघ्यांवर बसले. खुरपं, माती, फॉइल. खुरपं, माती, खिळा. दोन टोमॅटो शहीद झाले.

"सहज?"

मागं सुनेत्राबाई उभ्या होत्या. पर्स खांद्याला, गाडीची किल्ली हातात. त्यांनी मातीचे अकरा ढिगारे पाहिले, नवऱ्याच्या कपाळावरचा चिखल पाहिला, आणि पायरीवर ठेवलेली उघडी डबी पाहिली.

"मी 'काढलं' म्हणालो," नंदकुमारराव म्हणाले, "पण पाहिलं नव्हतं."

सुनेत्राबाई निळी बादली उपडी करून तिच्यावर बसल्या आणि मिरच्यांकडे बघू लागल्या. नंदकुमाररावांना वाटलं, ही ओरडली तर बरं.

"मला ऐकू द्या," त्या एकदम म्हणाल्या.

"काय?"

"तुमचं ते यंत्र. ती वायर उपटा, दोघांना ऐकू येईल असं करा."

हेडफोन गेले. नंदकुमाररावांनी वॉल्टरचा खिळ्याचा नियम सांगितला. नंदकुमारराव फिरवू लागले, सुनेत्राबाई बादलीवरून ऐकू लागल्या.

टिक्. "हे काय म्हणालं?"

"फॉइल. कचरा."

"न खणताच? माझं बोलणंही तुम्ही असंच ऐकता. खणा."

फॉइल निघाली. "बघ, म्हटलं नव्हतं?"

"बरं, एकदा बरोबर. पुढं."

घुर्र. इकडून बावीस, तिकडून सोळा. "हा खिळा, बोलणं बदलतोय!" आता त्याच ओरडल्या. खरंच खिळा निघाला. त्यांनी टाळी वाजवली. पुढच्या तासाभरात दोन खिळे त्यांनी नंदकुमाररावांच्या आधी ओळखले, एक स्टीलचा चमचा सापडला ("हा! आणि मी आमच्या गटातल्या छायावर संशय घेतला!"), आणि दोघांना असं हसू फुटलं, की नंदकुमाररावांना दांडा टेकून उभं राहावं लागलं.

"हसू नका, माझे बाबा आहेत त्या मातीत," म्हणून सुनेत्राबाई डोळे पुसत पुन्हा हसल्या.

गुलाबाच्या मुळाशी टिक् झालं. बारीक, जेमतेम. आकडा अडतीस. नंदकुमारराव सवयीनं पुढं सरकले.

"थांबा. मागं या."

ते मागं आले. अडतीस. दुसरीकडून गेले. अडतीस. आडवं, उभं, कसंही: टिक्, अडतीस.

"हा बोलणं बदलत नाहीये," सुनेत्राबाई हळूच म्हणाल्या.

नंदकुमारराव वाकले. खुरपं बाजूला टाकून बोटांनी उकरलं. मातीचं एक ढेकूळ हाती आलं, मोदकाएवढं, न विरघळलेलं. त्यांनी ते अंगठ्यानं पुसलं, आणि आकार दिसला. कान होता. आख्खा उजवा कान, यंदाचा, प्रमाणाबाहेर मोठा. बाकीचा बाप्पा पाणी होऊन टोमॅटोत गेला होता, आणि हा एवढा जाड कान मात्र आपल्या जागी राहिला होता. त्याच्या वरच्या कडेला दोन मोती आणि मधे लाल थेंब.

"सुनेत्रा, अगं कान! अगं, हा बघ कान!" सत्तर वर्षांचा ताठ माणूस गुडघ्यांवर उड्या मारू पाहत होता.

"म्हणून मोठे करते," त्या म्हणाल्या. त्यांनी ढेकूळ दोन्ही तळव्यांत घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

थोड्या वेळानं नंदकुमाररावांनी हात पुढं केला. "काढू?"

"थांबा." त्यांनी अलगद तार सोडवली, मोती पदरानं पुसले, भिकबाळी डबीतल्या खळग्यात ठेवली, डबी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "दिसली?"

"दिसली."

"नीट बघा."

त्यांनी नीट पाहिली.

"हं," त्या म्हणाल्या, "आता म्हणा, काढलं."