नंबर एकच्या गाण्यातली गप्प जागा

माझी पाठवणी झाली तेव्हा माय वेशीपर्यंतही आली नाही. फागुन संपत आला होता, मोहाची फुलं पडत होती, आणि कुणाच्या पोरीचं लग्न आहे म्हणून मोह काही झाडावर थांबत नाही. छकडा आमच्या पोंभुर्ण्याबाहेरच्या रानात शिरला आणि उजवीकडच्या झाडीतून तिची हाक आली, "होऽऽ!" मी नाकापर्यंत पदर घेतलेली नवी नवरी. मूल गावच्या ठेसनापर्यंत तोंड उघडायचं नाही अशी मामेसासूची तंबी. तरी छकड्यात उभी राहून मी गळा फाडून ओ दिली. बैल बिचकले. मामेसासू कपाळाला हात लावून म्हणाली, "बाप्पा! सून आणली का रानकोंबडी?" तिकडून पुन्हा हाक, इकडून पुन्हा ओ, असं माझा आवाज बसेपर्यंत चाललं.

झाडीपट्टीतून नागपुरात आलेल्या बायांनो, तुम्हाला हे सांगायला नको. नागपुरात जन्मलेल्या तुमच्या पोरांसाठी सांगते. मोह वेचायला बाया उजाडताना जोडीनं जातात. मान खाली घालून वेचायचं, झाडांआड एकमेकी दिसत नाहीत, आणि मोहाचा शौक अस्वलालाही असतो. म्हणून एकीनं हाक द्यायची, तिच्या जोडीदारणीनं लगेच ओ द्यायची. ओ आली नाही तर पुन्हा हाका मारत बसायचं नाही. टोपली टाकायची, कुऱ्हाड घ्यायची आणि तिच्याकडे धावायचं. दुसऱ्या जोडीच्या हाकेला मात्र चुकूनही ओ द्यायची नाही, नाहीतर कुणी संकटात असून सगळं ठीक आहे असं वाटतं. मी मायची जोडीदारीण होते. बाप नव्हता, भाऊ नव्हता. लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं, आता तुला ओ कोण देणार? माय म्हणाली, "मोहाले पोरी लागत नाई, टोपली लागते."

नवरा नागपुरात गिरणीत होता. वकिलांच्या घरामागे आमच्या दोन खोल्या. वकिलीणबाईंकडे रेडिओ होता, आणि दर आठवड्याला कुठल्याशा परदेशी स्टेशनवर गाण्यांचे नंबर लागायचे. एका वर्षी एकाच नव्या सिनेमाच्या गाण्यांनी ती सगळी यादी बळकावली. वकिलीणबाईंनी ग्रामोफोनसाठी त्याच्या तबकड्यांचा पुरा संच आणला आणि दुपारी आळीतल्या बाया त्यांच्या ओसरीवर जमायला लागल्या.

माझं मत कुणी विचारलं नाही, पण सांगते. टांग्याचं गाणं झकास, भांडी घासताना हात आपोआप त्या ठेक्यावर चालतात. दोघांचं प्रेमाचं गाणं इतकं गोड की दुसऱ्या कडव्याला पाणी मागावंसं वाटतं. भजनात पेटी फार सुरेख, देव तेवढा कुठं सापडला नाही. आणि ते नंबर एकचं गाणं! नदीकाठी उभी राहून एक बाई दूर गेलेल्या नवऱ्याला हाक मारते. हाक संपते आणि सगळी वाद्यं एकदम गप्प होतात. नुसती तबकडीची खरखर. मग बाई सावकाश पुढची ओळ घेते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या गप्प जागेत मी ताडकन उभी राहिले आणि ओ दिली. रानातली, अख्खी. वकिलीणबाईंच्या हातून अडकित्ता पडला. "अहो गोदूबाई, तबकडी आहे ती!" म्हणत त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मीही हसले. बाया डोळे मिटून म्हणायच्या, काय जागा घेतली आहे! मला संताप यायचा. अगं, ओ आली नाही आणि तू गात काय बसलीस? धाव ना! ते गाणं पानठेल्यावर, चहाच्या हॉटेलात, वरातीच्या बँडवर, सगळीकडे. ती जागा आली की मला रानात एकटी वाकलेली माय दिसायची.

पुढच्या फागुनात गावचा महादूभाऊ बाजाराला म्हणून नागपूरला आला. दारातूनच म्हणाला, "तुमच्याकडल्या मोहाखाली पिल्लंवाली अस्वल फिरून राह्यली. अर्ध्या गावानं जाणं सोडलं. तुही माय आयकत नाई." मी त्याला चहाही विचारला नाही. त्याच दिवशी छोट्या लायनीच्या आगगाडीत बसले आणि मूलपासून मिळेल त्या बैलगाडीनं निघाले. उजाडता उजाडता घर गाठलं. दाराला कडी, पडवीत आढ्याला टांगलेली टोपली जाग्यावर नाही.

रानाच्या तोंडाशी जाऊन मी हाक दिली. काही नाही. वाळल्या पाल्यावर मोह टपटप पडत होता तेवढाच. धावायचं तर कुठं? नाल्याकडे की टेकडीकडे? मी दगड उचलला आणि नाल्याच्या वाटेनं सुटले.

तेवढ्यात पुढून आली, "होऽऽ!" मायच. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि माझ्याआधी दुसऱ्याच आवाजानं ओ दिली.

गोंडटोला वस्तीवरची सोमारी होती. माझ्याच वयाची. मला पाहून माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काऊन आली वो, गोदे? भांडून आली का?"

"मी हाक दिली, माय. तू ओ काऊन नाई दिली?"

"आयकली ना. आवाज तुहावानी वाटला. पण तू तं नागपूरले." मग मला समजावत म्हणाली, "कोनाची हाक हाय माहीत नाई, तं ओ कशी देऊ, पोरी? माही जोडी आता सोमारीसंग हाय."

सोमारीनं आपली टोपली माझ्यापुढे सरकवली. मी खाली बसले आणि पोटभर रडले. माय धडधाकट आहे म्हणून, आणि मला न विचारता ती धडधाकट आहे म्हणूनही.

आता ते गाणं लागलं की मी शेवटपर्यंत ऐकते. वकिलीणबाई म्हणतात, गोदूबाईंना गाणं कळायला लागलं. कळलं आहे खरं. गाव म्हणजे आता मला ती ओ वाटते, जी रोज उजाडताना दिली जाते आणि जी मला द्यावी लागत नाही. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. सासरी मी खरी गेले ती रानातल्या त्या सकाळी.