बाहेरच्या ड्रमचं पाणी

‘तुम्ही मजूर बाई व्हा. तुम्हाला सोपं जाईल,’ पुण्याहून आलेले प्रशिक्षक सर मला म्हणाले, आणि हॉलमधले चौदा नवे मॅनेजर हसले.

मीही हसले. त्याचीच जास्त लाज वाटते.

तो सगळा कार्यक्रम मी तयार केला होता. देऊळगाव राजाजवळच्या आमच्या बियाणे कंपनीत सुपरवायझरचे मॅनेजर झालेल्यांना माणसं कशी सांभाळायची ते शिकवायचं होतं. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी आईसोबत मिरचीच्या क्रॉसिंगला, म्हणजे बियाण्यासाठी फुलाफुलावर हाताने पराग लावायला, जाता जाता शिकले आणि ऑफिसात आले. चार महिने हिरव्या जाळीचे शेडनेट पालथे घातले. बायांजवळ बसून विचारलं, मॅनेजर कसा पाहिजे? एक म्हातारी म्हणाली, ‘आमच्या ड्रमातलं पाणी पेईन असा पाठव, बाई.’

प्रत्येक शेडनेटवर दोन ड्रम असतात. एक आत, सावलीत. दुसरा बाहेर, उन्हात, आमच्या वस्तीतल्या बायांसाठी. तसा नियम कुठेच लिहिलेला नाही. सगळे पाळतात. म्हणून मी चौथा पाठ लिहिला: नव्या मॅनेजरने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बाहेरच्या ड्रमातलं पाणी प्यावं, आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रम एकच ठेवावा.

मालकांचे चिरंजीव, म्हणजे आमचे साहेब, ते वाचून म्हणाले, ‘हे पान काढा. गावातल्या गोष्टी कंपनीत कशाला?’

मला कायम करायची ऑर्डर त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडली होती. इथे सगळ्या बियाणेवाल्यांची आपसात सोयरीक. एकाने काढलं की दुसरा उभं करत नाही. घरी आई, डोळे अधू झालेली. जाणार कुठे? पान काढलं. माझ्याच हाताने. वर पहिल्या पानावर नाव आलं पुण्याच्या सरांचं. तेही गिळलं.

मजुराची चूक न ओरडता कशी सांगावी, हा सरावही माझाच. त्या दिवशी हॉलमध्ये सर म्हणाले, आधी चुकीची पद्धत दाखवू. मॅनेजर म्हणून जानेफळचा एक पोरगा उभा केला. क्रॉसिंगसाठी फूल उघडायचा चिमटा धरायला त्याला मीच शिकवलं होतं.

‘मॅडम, तुमाले कसं बोलू?’ तो हळूच म्हणाला.

‘मॅडम विसरा. जोरात बोला,’ सर म्हणाले.

मग तो बोलला. ‘काऊन वं, इतकी फुलं काऊन सुटली? पाणी ढोसाले गेली होती काय?’

माझी मान खाली गेली. हात जोडले गेले. तोंडातून निघालं, ‘चुकलं मालक.’ असंच माझी आई म्हणायची, याच आवाजात. आठ वर्षं ऑफिसात काढली, इस्त्रीची साडी नेसले, आणि आत अजून तेच वाकलेलं माणूस बसलेलं. मला शिसारी आली. माझीच.

‘वा! किती नैसर्गिक,’ सरांनी टाळ्या वाजवल्या. ‘पुन्हा करा, व्हिडिओ घेतो.’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘अहो, नाटक आहे फक्त.’

‘तुमच्यासाठी असंन. मले नका सांगू मजूर व्हाले. हे सगळं मी लिहिलं. एक पान भेऊन काढलं, ते आता ऐका.’

आणि दोन्ही ड्रमचं सांगितलं. ऑफिसची मराठी कुठल्या कुठे गेली. कोणी हसलं नाही. जानेफळचा पोरगा फरशीकडे पाहत राहिला. एकाने विचारलं, चहा किती वाजता आहे. क्रांती वगैरे काही झाली नाही.

संध्याकाळी साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. ‘माफी लिहा. ऑर्डर पाहिजे ना?’

‘ऑर्डर पाहिजे. माफी नाही लिहत.’

‘सोमवारपर्यंत विचार करा.’

विचार झाला. भीती गेलेली नाही. पण सोमवारी मी जाणार, रोजच्या वेळेला, रोजच्या खुर्चीवर. मला घरी बसवायचं असेल तर त्यांनी लेखी द्यावं, आणि कारणही त्यांनीच लिहावं. माझ्या माणसांचं पाणी माझ्या हाताने मी पुन्हा वगळणार नाही.