एका भाऱ्याला एक लाडू

पारनेर तालुक्यातील आमच्या गावी दर सोमवारी महादेवाला पंचामृताचा अभिषेक होतो आणि त्यासाठीचे दूध माझ्याच गोठ्यातील गाईचे असावे, असा आमच्या घराण्याचा नेम आहे. गेल्या आषाढात ते पंचामृत कडू लागू लागले. माझ्या उच्चारात काही दोष राहिला असावा, या शंकेने मी रुद्र आरंभापासून पुन्हा म्हटला. तरीही तीर्थ घेणाऱ्यांचे चेहरे वाकडेच होत. अखेर पत्नीने गाईच्या तोंडातून गाजरगवताचा पांढरा तुरा ओढून काढला आणि मंत्रांची निर्दोष मुक्तता झाली.

गाय चरत असे ते गायरान या गवताने पुरते व्यापले होते. मी ग्रामसभेत विषय मांडला. सरपंचांनी हिशेब सांगितला: उपटायला माणसे लावावीत तर मजुरी चाऱ्याच्या मोलापेक्षा जास्त, औषध फवारावे तर तोवर गुरांना वैरण विकत आणावी लागणार.

"गुरुजी, गायरान पंचायतीला देतं काय?" त्यांनी विचारले.

तेव्हा मी एक उपाय सुचवला: मुळासकट उपटलेल्या गाजरगवताचा भारा जो देवळात आणील, त्याला बेसनाचा एक लाडू प्रसाद. पंचायतीला खर्च नसल्याने ठराव एकमताने संमत झाला. लाडू वळणारी सभेला नव्हती.

हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून भाविक येऊ लागले. देवळापुढे ढीग लागले. माझे अंतःकरण भरून आले. पंचामृत मात्र कडूच. गायरानात जाऊन पाहिले, तर गाजरगवत जसेच्या तसे डोलत होते. प्रत्येक सोमवारी भारा आणणाऱ्या शेजारच्या वृद्ध मावशींना मी कारण विचारले.

"लाडू देवळात मिळतो, गुरुजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग देवळामागचं गवत सोडून गायरानात कशापायी जावं? लई लांब हाय ते."

यात खंडन करण्याजोगे मला काही आढळले नाही. पुढच्या सोमवारी मी लाडवांचा डबा उचलला आणि गायरानाच्या पार पलीकडच्या टोकाला बाभळीखाली जाऊन बसलो. गाव कुरकुरत मागोमाग आले.

भाद्रपद सरता सरता मोकळ्या झालेल्या जागेत चराईचे गवत वर आले. त्यानंतरच्या एका सोमवारी तीर्थ घेताना कोणाचाही चेहरा बदलला नाही. सरपंचांनी तर तळवा दुसऱ्यांदा पुढे केला. मी पळी ओतली, तोच खांबाआडून पत्नीचा आवाज आला, "गायरान काय देतं ते कळलं ना, सरपंच? मग पुढच्या वर्षीचं बेसन पंचायतीचं."

तोंडात तीर्थ असल्यामुळे सरपंचांना नाही म्हणता आले नाही.