ह्यो लाल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि स्टाफरूममध्ये तर नाहीच — तिथं काही बोललं की मधल्या सुट्टीपर्यंत शिपायालाही कळतं. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं बरं वाटतं.

मी मोशीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तोंडानं फटकळ. पोरं मला घाबरतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. फळ्यावर माझी चूक झाली आणि एखाद्यानं दाखवली, की मी ठरलेलं वाक्य टाकायची — "बघत होते, कोण जागं आहे ते!" वर्ग हसायचा, मी सुटायची. सवय अशी जुनी आहे बघा.

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेत उतरलो होतो. चाकांची एक छोटी गाडी. परीक्षक टेबलावर रंगीत डबे मांडणार, गाडीनं एकेका डब्यापुढं थांबायचं, सेन्सरनं रंग ओळखायचा आणि मोठ्यानं सांगायचा. म्हणजे आवाज आधी रेकॉर्ड करून आत भरायचे आणि प्रोग्राम असा करायचा, की लाल दिसलं की लालचा आवाज वाजेल. आवाज घेतला तनुजाचा.

तनुजा नववीतली. चाकणकडच्या गावातलं शेतकरी घर, वडील आता कंपनीत. आवाज असा खणखणीत, की मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जावा. तिनं फोनपुढं उभं राहून सांगितलं — ह्यो लाल. ह्यो हिरवा. ह्यो निळा. मी म्हटलं, अगं, 'हा लाल' म्हण. तर टीममधली बाकीची पोरं ओरडली, राहू द्या ना बाई, असंच भारी वाटतंय! राहू दिलं.

पण आवाज ही काही तिची खरी कामगिरी नव्हती. सेन्सर तिनं बसवला होता. वायरी, स्क्रू, जोडणी, सगळं तिचं. घरचा मिक्सर, शेजाऱ्यांचे पंखे हीच पोर उघडायची आणि चालू करून द्यायची. दहावीनंतर तिला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता. वडील का-कू करत होते — रोज बसनं पिंपरीपर्यंत जाणार, मुलीची जात. शेवटी म्हणाले, स्पर्धेत काय करतीय बघू, मग बाई सांगतील तसं. बाई म्हणजे मी.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शाळेत कार्यक्रम ठेवला. रोबोचं सामान ज्या कंपनीनं दिलं होतं, तिथले साहेब प्रमुख पाहुणे. हॉलच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं आणि त्या उजेडात सेन्सर गोंधळला. तालमीत हिरव्याला निळा म्हणाला. तनुजा म्हणाली, पुठ्ठ्याची टोपी करून बसवते बाई, सावली हुईल. किती साधा उपाय! पण साहेबांची गाडी फाटकात आली होती आणि माझा धीर सुटला. मी तिला शाल-नारळ आणायला ऑफिसात पिटाळलं, लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राम बदलला. आता सेन्सर काहीच बघत नव्हता. गाडी थांबली की ठरलेल्या क्रमानं आवाज वाजणार — लाल, हिरवा, निळा. डबेही मी त्याच क्रमानं मांडले.

टाळ्या पडल्या. साहेबांनी तनुजाच्या पाठीवर थाप मारली, मुख्याध्यापक माझ्याकडं बघून हसले. फोटो, सामोसे, आभार — आणि त्या गडबडीत जुना प्रोग्राम परत भरायचं मी विसरले. विसरणं हा काय गुन्हा आहे? स्वतःला मी बरीच वर्षं हेच विचारत आले. पण विसरल्याचं सांगायला मी बसलेले नाही.

स्पर्धा रावेतकडच्या एका कॉलेजात होती. परीक्षक तरुण मुलगा, स्वभावानं भला. त्यानं पहिलाच डबा ठेवला निळा. आमची गाडी ऐटीत त्याच्यापुढं थांबली आणि तनुजाच्या खणखणीत आवाजात म्हणाली — ह्यो लाल.

तिथल्या तिथं मला सगळं कळलं. पुढचा डबा लाल, त्याला गाडी म्हणाली हिरवा. त्यापुढच्या हिरव्याला निळा. हॉलमध्ये हशा पिकला.

परीक्षक जवळ आला. म्हणाला, दहा मिनिटं देतो, प्रोग्राम उघडून बघा. लॅपटॉप माझ्या पिशवीतच होता. जुना प्रोग्रामही त्यातच. पण तो शेजारी उभा होता ना — आणि उघडल्या उघडल्या आधी माझी लबाडी दिसली असती. मोठ्यांनी प्रोग्रामला हात लावायचा नाही, असा नियम होता. टीम बाद झाली असती, आणि ती कुणामुळं हे पोरांना कळलं असतं. मी म्हटलं, "प्रोग्राम ठीक आहे. सेन्सर सैल झालाय. तनुजा, तूच बसवला होतास ना?"

तिनं बोटांनी सेन्सर हलवून पाहिला. "घट हाय ओ बाई." मी नुसती बघत राहिले, वर्गात बघते तशी. तिनं पुन्हा हात लावला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "असंल. सैल असंल."

स्वतःच्या बोटांना जे कळत होतं, ते तिनं माझ्यासाठी खोटं मानलं. एवढा विश्वास होता तिचा माझ्यावर.

परतीच्या बसमध्ये रोबो तिच्या मांडीवर होता. खड्ड्यात बस आपटली, कुठं बटण दाबलं गेलं कोण जाणे, आणि तो बोलला — ह्यो लाल. पोरं फिदीफिदी हसली. मी पुढच्या सीटवर होते. मागं वळून एकदा डोळे वटारले असते तर सगळी गप्प झाली असती, एरवी मी तेच करते. त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत बसले. पुढं शाळेत तिचं नावच पडलं, ह्यो लाल.

आणि मी काय केलं? घरी जाऊन गुपचूप जुना प्रोग्राम भरला. दुसऱ्या दिवशी पोरांसमोर सेन्सरचा स्क्रू पिळल्यासारखं केलं आणि गाडी चालवून दाखवली. सगळे रंग बरोबर. "बघितलंस? एवढंच होतं," असं म्हणालेसुद्धा. शी! तनुजानं मान डोलावली. त्यानंतर ती रोबोच्या खोलीत आली नाही.

दहावीचा निकाल लागल्यावर तिचे वडील शाळेत आले. चप्पल दाराबाहेर काढून उभे राहिले. "बाई, खरं सांगा. हिच्या हातात हाय का काय?" आहे म्हणायचं, एवढंच होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तर मग त्या दिवशी कसं काय झालं? मी म्हटलं, हुशार आहे हो, पण या कामात जरा कच्ची आहे, कॉमर्सला घाला. त्यांनी घातलं.

मागच्या वर्षी ती मला भाजी घेताना भेटली. तिनंच हाक मारली. लग्न झालंय, चाकणला एका कंपनीत पॅकिंगला जाते. तब्येत बरी होती, हसत होती. माझ्या पिशवीत दुरुस्त करून आणलेला मिक्सर बघून म्हणाली, आमचा पन बिघडलाय बाई, बाहेरच द्यावा लागंल. मग जरा घुटमळली.

"बाई, लई दिवस मनात हाय. माज्यामुळं तुमची मान खाली गेली त्या दिवशी. तेवडा स्क्रू म्या नीट पिळला असता तर…" डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "माफ करा मला."

तुम्हाला वाटेल, आता तरी बोलले असेन. भाजीवाली पैसे मोजत होती, घाई कुणालाच नव्हती, कुणी परीक्षक शेजारी उभा नव्हता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं वेडे, ते मी कधीच माफ केलंय."

तिचा चेहरा उजळला. रस्त्यातच ती वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत.